वाचकांचे प्रश्न : मुलाला शिस्त लावायची कोणी?

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील शेतकरी कुटुंब आहोत. आमचा मोठा मुलगा गावाजवळच्या अनुदानित विद्यालयात सातवीत शिकतो. दिवाळीनंतर शाळेतून दोनदा बोलावणे आले. तो गृहपाठ करीत नाही, वर्गात शिवीगाळ करतो आणि मधल्या सुट्टीनंतर दप्तर घेऊन निघून जातो, अशा तक्रारी वर्गशिक्षकांनी सांगितल्या. ‘घरीच शिस्त नाही, तर आम्ही काय करणार?’ असेही ते म्हणाले. त्यावर माझे यजमान म्हणाले, ‘शाळेत घातला तो शिस्तीसाठीच. सर, तुम्ही चांगला चोप द्या, आमची काही हरकत नाही.’ सरांनी कायद्याने हात बांधल्याचे सांगितले. कापसाच्या हंगामात आम्ही दोघे सकाळी शेतात जातो ते अंधार पडल्यावर परततो. घरी आजी असतात, पण त्यांचे तो ऐकत नाही. ही जबाबदारी नेमकी कोणाची, हे कृपया सांगावे.
— एक माता, चोपडा तालुका

उत्तर : ताई, सर्वप्रथम चोप देण्याविषयी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 17 नुसार कोणत्याही मुलाला शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास किंवा त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. या कलमात पालकांच्या संमतीचा अपवाद नाही. त्यामुळे आपल्या यजमानांनी जी परवानगी देऊ केली, ती देण्याचा अधिकारच त्यांना नाही. सरांनी मात्र हात बांधल्याची भाषा करायला नको होती, कारण कायद्याने काढून घेतली आहे ती मारहाण. वर्गाला नियम सांगणे, ते रोज पाळून घेणे, चुकलेल्या मुलाला बाजूला घेऊन बोलणे, बिघडवलेले काम त्याच्याकडूनच पुन्हा करून घेणे, यांपैकी एकाही गोष्टीला कायद्याने हात लावलेला नाही. शिक्षकाची खरी ताकद यातच असते आणि छडी असतानाही ती यातच होती, असे माझे ठाम मत आहे.

आता जबाबदारीविषयी. तिन्ही तक्रारींचे उत्तर एकच नाही, आणि ‘घर की शाळा’ असा एकच कौल मागितला की मूल दोघांच्या मधून निसटते. सातवीचा मुलगा फार हुशार असतो. घरी तो सरांविषयी आणि शाळेत घराविषयी काय सांगायचे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

मधल्या सुट्टीनंतर निघून जाण्याची जबाबदारी निःसंशय शाळेची आहे. सकाळी मूल शाळेच्या दारातून आत गेल्यापासून शाळा सुटेपर्यंत ते शाळेच्या ताब्यात असते, आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा भर दुपारी कोठे गेला हे शाळेला माहीत नसेल, तर हा शिस्तीच्या आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सुट्टीनंतर पुन्हा हजेरी घेतली जावी आणि मुलगा नसल्यास त्याच दिवशी आपल्याला फोन यावा, अशी मागणी आपण लेखी करा. त्याच कायद्याच्या कलम 24 ने पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती त्यांना कळवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. तक्रारी साचल्यावर बोलावणे धाडले म्हणजे ते पार पडत नाही. कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीतील 75 टक्के सदस्य हे पालक असतात आणि सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनुदानित शाळेत ही समिती सल्ला देण्यापुरतीच असली, तरी दुपारच्या हजेरीचा विषय तेथे मांडता येतो, आणि तो आपल्यासारख्या आईने मांडला तर इतर पालकही बोलू लागतील.

परंतु शाळा बुडवण्याच्या या सवयीचा एक धागा घराकडेही येतो. खान्देशात कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळेनासे झाले, की मोठ्या मुलाला चार दिवस शेतात नेले जाते; लग्नसराईत आणि कानबाईच्या उत्सवातही दप्तर खुंटीला राहते. आपल्या घरी असे होते की नाही हे पत्रावरून कळत नाही, आणि होत असल्यास त्यामागची ओढाताणही मी जाणतो, कारण फुटलेला कापूस पावसात भिजला तर वर्षाचे गणित बिघडते. तरीही मुलाच्या मनात यातून एकच गोष्ट रुजते, ती म्हणजे कारण असले की शाळा सोडता येते. मग आपले कारण कोणते, हे तो स्वतः ठरवू लागतो. म्हणून, ताई, वेचणीसाठी मुलाला घरी ठेवणे पूर्ण थांबवा. सुट्टीच्या दिवशी त्याने शेतात हातभार लावणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती चांगलीच आहे.

शिवीगाळ मूल ऐकून शिकते. घरात, बांधावर, मोबाइलवर तो काय ऐकतो, याकडे आधी पाहावे लागेल. वडीलधारी माणसे रागाच्या भरात जे बोलतात तेच तो वर्गात बोलत असेल, तर सरांनी कितीही समजावले तरी ते टिकणार नाही.

गृहपाठ दोघांचा आहे. दिलेला अभ्यास शाळेने तपासलाच पाहिजे, कारण न तपासलेला गृहपाठ दोन आठवड्यांत बंद पडतो. घरी मात्र त्यासाठी वेळ आणि जागा हवी. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला किमान 220 दिवस व 1,000 तास अध्यापन ठरवले आहे. वर्षाचे तास 8,760. रोजची नऊ तासांची झोप वजा केली, तरी जागेपणीचे सुमारे 5,475 तास उरतात, म्हणजे अध्यापनाचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. उठण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ, खोटे न बोलणे, मोठ्यांचे ऐकणे, या सवयी उरलेल्या तासांत घडतात आणि त्या घडवणे शाळेच्या आवाक्यात नाही. म्हणून शिस्तीचा पाया घराचा, असे मी स्पष्टपणे म्हणतो. मात्र हे सांगून शाळेला आपले काम टाळता येणार नाही.

आपण दिवसभर शेतात असता, त्यामुळे दिवसभर लक्ष ठेवण्याचा सल्ला निरुपयोगी ठरेल. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास पुरे. स्वयंपाक सुरू असताना मुलाला जवळ बसवून त्या दिवशी शिकवलेला धडा मोठ्याने वाचायला सांगा. आपल्याला स्वतःला फारसे वाचता येत नसले, तरी तो अडखळतो की सरळ वाचतो हे कानाला कळते. मोबाइल रात्री जेवणाआधी आजींकडे द्यायचा, हे यजमानांनी आजींच्या समोर एकदा सांगावे आणि स्वतःही पाळावे. आजींचे तो ऐकत नाही, याचे कारण बहुधा त्यांच्या शब्दामागे आपण दोघे उभे असल्याचे त्याला दिसत नाही. घरी मारणे हाही उपाय नव्हे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 75 नुसार मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला क्रूरपणे वागवणे हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी मार खाणारा मुलगा चूक लपवायला शिकतो, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला विचारून पाहावे.

यजमानांनी वर्गशिक्षकांना एकदा पुन्हा भेटावे, या वेळी मुलाला सोबत घेऊन. घरी काय पाळले जाईल आणि शाळेत काय पाळले जाईल, हे तिघांच्या समोर ठरावे. सरांविषयी घरात आणि आपल्याविषयी वर्गात मुलाच्या देखत वाईट बोलले जाणार नाही, एवढे दोन्ही बाजूंनी कटाक्षाने सांभाळावे.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले असतात. पालकच जवळ नसतील, तर शिस्तीची जबाबदारी कोणाची मानावी?
— एक शिक्षक

उत्तर : सर, तेथे ती संपूर्णपणे आपली आणि अधीक्षकांची आहे, कारण त्या मुलांचे घरही तेच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांची अंथरुणे नीट करणे ही कामे ते स्वतः करीत. रागावण्याआधी करून दाखवणे ही त्यांची रीत होती, आणि सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या, भाषेपासून सर्वच नवे असलेल्या मुलांसाठी तिच्याइतकी उपयोगी रीत दुसरी नाही. उशिरा उठणारा, जेवण टाकणारा, पळून जाऊ पाहणारा मुलगा बहुधा घराच्या आठवणीने व्याकूळ झालेला असतो. त्याला शिक्षा करण्याआधी त्याच्याच बोलीत विचारपूस व्हावी.

पालक दूर असले, तरी त्यांना यातून वगळू नका. टोळीच्या मुकादमाचा क्रमांक हंगामापूर्वीच नोंदवून ठेवा, आठवड्यातून एक ठरावीक संध्याकाळ फोनसाठी राखून ठेवा आणि प्रत्येक मुलाचे आईवडिलांशी बोलणे करून द्या. त्या फोनवर तक्रार आधी सांगू नका; मुलाने त्या आठवड्यात जे चांगले केले असेल, ते आधी त्याच्या आईला कळू द्या.