गुण पैकीच्या पैकी, बोलायला मात्र गप्प

प्रश्न : मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. संगणकावरच्या रिकाम्या जागा सगळे अचूक भरतात, पण दोन वाक्यं बोलायची वेळ आली की गप्प. याहून चांगलं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

उत्तर : ताई, विकत काहीच घेऊ नका. संगणकाकडून सराव करून घेणं १९६०च्या प्लेटो या संगणकीय शिक्षणप्रणालीपासून चालत आलंय. पण चार पर्यायांतून उत्तर ओळखणं वेगळं आणि वाक्य स्वतः जुळवणं वेगळं.

बोलण्याच्या सरावासाठी मी वर्गात ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट मिळतं. पडद्यावर वरच्या ट्रॅकवर, म्हणजे पट्टीवर, नमुन्याचा आवाज, खाली विद्यार्थ्याचा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. दोन्ही शब्द म्हणायला लावा. पडद्यावर आवाज लाटेसारखा उमटतो; जोराच्या अक्षराची लाट बहुधा रुंद आणि फुगीर दिसते. विद्यार्थ्याची लाट सपाट असेल तर चूक त्यालाच दिसते, मला सांगावी लागत नाही. मग तो न सांगता पुन्हा रेकॉर्ड करतो! वेग कमी करायचा तर त्यातला ‘चेंज टेम्पो’ हा पर्याय घ्या, म्हणजे आवाज जाडा होत नाही. फार संथ मात्र नको, बोलण्याची लयच हरवते.

बोललेलं टाइप करणाऱ्या सोयीवर माझा फारसा भरवसा नाही. ती संदर्भावरून अंदाज बांधते, त्यामुळे उच्चार चुकला तरी पडद्यावर शब्द बरोबर उमटू शकतो.

आणि हो, हेडफोन हवेतच. नाहीतर नमुन्याचा आवाजही माइकमध्ये शिरतो आणि दोन्ही लाटांची खिचडी होते.