मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात पोलीस अधिकारी हेमंत करकरे गेले, त्या दिवशीच्या भारत-इंग्लंड सामन्याचं काय झालं होतं? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची बातमी तरी होती का, आणि सामना थांबवला का नाही?

होती. आमच्या पेपरात तरी होती, कारण ती मीच लावली होती. त्यावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी माझं जे वाजलं ते पुढे बारा वर्षं वाजत राहिलं. तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

आधी निकाल. २६ नोव्हेंबर २००८, कटकचं बाराबती स्टेडियम, सात सामन्यांच्या मालिकेतला पाचवा. इंग्लंड ५० षटकांत ४ बाद २७०. पीटरसन नाबाद १११, ओवेस शाह नाबाद ६६. आपण ४३.४ षटकांत ४ बाद २७३. सेहवाग ९१, सचिन ५०, धोनी ५०, रैना नाबाद ५३. सहा गडी राखून जिंकलो आणि मालिका ५-० झाली. उरलेले गुवाहाटी आणि दिल्लीचे सामने झालेच नाहीत.

मी तेव्हा नागपुरात एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर उपसंपादक होतो. पंधरवड्यापूर्वीच जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली होती, गांगुलीची शेवटची. ऑस्ट्रेलियाच्या क्रेझाने बारा बळी घेतले तरी त्यांचा संघ हरला होता. त्या पाच दिवसांची दमणूक अजून अंगात होती, त्यामुळे कटकचा एक दिवसाचा सामना म्हणजे हातचं काम वाटत होतं. डाक आवृत्तीसाठी, म्हणजे बाहेरगावी लवकर सुटणाऱ्या अंकासाठी, इंग्लंडचा डाव आणि आपल्या डावाची सुरुवात एवढं घेतलं, शहर आवृत्तीसाठी जागा राखून ठेवली. सेहवाग बाद झाला तेव्हा मी मथळासुद्धा ठरवून टाकला होता.

बऱ्याच वेळाने पान लावणारा ऑपरेटर चहा घेऊन आला आणि म्हणाला, "सर, मुंबईत फायरिंग चालू हाय म्हणते." मी मान वर न करता म्हटलं, "गँगवॉर असेल." माझं एकट्याचंच तसं मत नव्हतं. पहिला काही वेळ चॅनेलवालेही तेच म्हणत होते.

पुढच्या तीन तासांत पहिलं पान किती वेळा मोडलं ते मोजलं नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. डाक आवृत्ती नेहमीच्या वेळेला सुटली, कारण गाड्या थांबत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडे गेलेल्या त्या अंकात मुंबईत गोळीबार एवढंच होतं, मृतांचा आकडाही धड नव्हता. ज्या चंद्रपुरात करकरेंनी नोकरीची वर्षं काढली, तिथल्या लोकांनी सकाळी हातात घेतलेल्या पेपरात ते जिवंत होते.

मध्यरात्रीच्या सुमारास कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. म्हणजे "त्या दिवशी" हा तुमचा शब्दही जेमतेमच बरोबर आहे. आमच्याकडे नावं पक्की व्हायला आणखी वेळ गेला. करकरे, कामटे, साळसकर, तिघेही पोलीस अधिकारी. वृत्तसंपादक काचेच्या केबिनमधून बाहेर आले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुझं पान झालंय ना? करकरेंची चौकट तू लिही. व्हीआरसीईचे आहेत, नागपूरकर वाचतील."

मी लिहिली. एजन्सीकडून आलेला मजकूर होता, आणि चंद्रपूरच्या आमच्या वार्ताहराला झोपेतून उठवलं. १९५४ चा जन्म. नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनीअरिंग कॉलेजातून, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीतून, १९७५ ला मेकॅनिकलची पदवी. मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी. ती सोडून १९८२ च्या तुकडीतून आयपीएस. मध्ये रॉ या गुप्तचर संस्थेत, सात वर्षं ऑस्ट्रियात. जानेवारी २००८ पासून एटीएसचे, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचे, प्रमुख. आणि वार्ताहराने झोपेतल्या आवाजात सांगितलं, "साहेब लाकडाचे पुतळे करायचे ना, जंगलात पडलेल्या लाकडाचे." मी तेही घेतलं. सगळं मिळून एकशे ऐंशी शब्द झाले.

तेवढ्यात फोटो आला. तोच, जो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सीएसटीवर डोक्यावर हेल्मेट, अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट चढवताहेत. चार कॉलम गेला. वृत्तसंपादक म्हणाले, "चौकट साठ शब्दांत बसव." मी बसवली. एका मिनिटात. वय, व्हीआरसीई, तुकडी, हुद्दा राहिला. लिव्हर गेलं, ऑस्ट्रिया गेलं, लाकूड गेलं. मी एक शब्द बोललो नाही.

मग ते माझ्या पानाकडे वळले. तिथे मुंबईचे फोटो घ्यायचे होते, क्रीडा पान निम्मं गेलं. ते योग्यच होतं, त्यावर माझी तक्रार नाही. पण राहिलेल्या अर्ध्यात सामन्याची बातमी घ्यायची की नाही यावर ज्येष्ठ सहकारी सगळ्या डेस्कसमोर ओरडले, "माणसं मरून राहिली अन् तुला पीटरसनच्या धावा सुचून राहिल्या? लाज वाटते का बे?" मी वीस मिनिटं भांडलो. शेवटी बातमी दोन परिच्छेद आणि खाली धावफलक सिंगल कॉलम, सगळ्यात बारीक टायपात, असं ठरलं. छपाईची प्लेट उशिरा गेली, त्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी मीच खाल्लं.

ते सहकारी नंतर प्रत्येक निरोप समारंभात, प्रत्येक नव्या मुलासमोर हा किस्सा सांगायचे. "हा तो, सव्वीस अकराला स्कोअर लावणारा." मी दर वेळी गप्प बसलो. आज बसणार नाही. ते आता पुण्यात असतात आणि हे वाचतील अशी मला आशा आहे.

भाऊ, स्कोअर लावला ते बरोबरच केलं. २००८ साली विदर्भात भारनियमन किती तासांचं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तुमच्या गावीच संध्याकाळी वीज नसायची. टीव्ही बंद असलेल्या घरातला माणूस सकाळी पेपर उघडून दोन्ही बघणार होता. मुंबईत काय झालं आणि कटकला काय झालं. त्याला दुसरं विचारायचा हक्क नाही हे ठरवणारे आपण कोण? दैनिक म्हणजे दिवसाची नोंद. त्या दिवशी जे झालं ते त्यात हवं. शोक दाखवण्यासाठी कोरी जागा सोडणाऱ्यांचा मी आदर करतो, पण निकाल दडपणं म्हणजे शोक नव्हे. तोच इंग्लंडचा संघ घरी गेला आणि डिसेंबरमध्ये परत आला. अहमदाबाद आणि मुंबईच्या कसोट्या चेन्नई आणि मोहालीला हलवल्या. चेन्नईत चौथ्या डावात ३८७ धावा करून आपण जिंकलो, सचिन नाबाद १०३. ते शतक त्याने मुंबईच्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा तुम्हीच ते पहिल्या पानावर घेतलंत, आठवतं? मग कटकचा निकाल पाप कसा झाला?

पण मी चुकलो तिथे तुम्ही मला कधीच बोलला नाहीत. धावफलकासाठी वीस मिनिटं भांडणारा मी, करकरेंचं आयुष्य कापताना एक मिनिटही भांडलो नाही. तेव्हा भांडायला हवं होतं. फोटो चार कॉलमचा साडेतीन केला असता तरी लाकूड बसलं असतं.

प्रश्न विचारणाऱ्याला सांगतो: दर वर्षी २६ नोव्हेंबरला जे फॉरवर्ड फिरतात ते बघा. हेल्मेट, जॅकेट, गल्ली, गाडी. त्रेपन्न वर्षं जगलेल्या माणसाची शेवटची अडीच-तीन तासांचीच गोष्ट. ते जॅकेट निकृष्ट होतं का हा प्रश्न खोटा नाही, त्यांच्या पत्नी कविताताई त्यावर अखेरपर्यंत झगडल्या, आणि २०१४ ला त्या गेल्या तेव्हा त्यांचे अवयव दान केले गेले. पण जॅकेटच्या आत जो होता त्याच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही. त्यांच्या मुलीने, जुई नवरेंनी, वडिलांवर पुस्तक लिहिलंय. ते मिळवा आणि वाचा. आणि सरकारी अधिकाऱ्यावर कधी लिहायची वेळ आली तर पहिल्या ओळीत तो कसा गेला ते नको, तो काय करायचा ते लिहा. मृत्यू सगळ्यांना आधीच माहीत असतो. आमच्या डेस्कवर हे कुणाला पटलं नाही, तुम्ही तरी बघा.

काही गोष्टी राहिल्या. इतर पेपरांनी सामना कसा लावला ते मी सांगू शकत नाही, वाचनालयात २७ तारखेचे अंक काढा आणि आतली पानंही बघा. मालेगाव स्फोटाचा तपास त्या वेळी करकरेंकडे होता आणि त्यावरून त्यांच्यावर टीका चालू होती, हे मी वर मुद्दाम आणलं नाही. तपासाचं आणि खटल्याचं पुढे काय झालं हा वेगळा वाद आहे, त्यासाठी माझ्याकडे येऊ नका. आणि सामना थांबवला का नाही म्हणता, तर त्याची शेवटची षटकं आणि मुंबईतल्या पहिल्या गोळ्या यांच्यात फारसं अंतर नव्हतं. कटकला बसलेल्या कुणालाही हे काय चाललंय ते कळायच्या आत खेळ संपला होता. निदान माझी आठवण तरी अशी आहे, मिनिटांचा हिशेब मागू नका.

त्या रात्रीची एकशे ऐंशी शब्दांची प्रिंट मी घरी आणली होती, अजून फाइलमध्ये आहे. कडेला माझ्याच पेनाने काट मारलेली आहे. काटेखाली वाक्य स्पष्ट वाचता येतं: "चंद्रपूरला असताना जंगलात पडलेल्या लाकडातून शिल्पं घडवण्याचा छंद त्यांनी जोपासला होता."