पेन्सिलीने दुरुस्त केलेला कागद

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या चालणाऱ्यांच्या अधिवेशनाला नाव नोंदवलंस हे तुझ्या बाबांकडून कळलं. त्यांचा सूर जरा काळजीचाच होता. "सुट्टी टाकून, विमानाचं तिकीट काढून ही नुसती चालायला जाणार?" माझी आई तर असेपर्यंत विचारायची, "अरे, चालायचे पैसे घेतात तुमच्याकडे?" घेतात गं, थोडे घेतात. वारीशी मात्र कोणी तुलना केली तर मान डोलावू नकोस. इथे वाटेच्या शेवटी विठ्ठल नसतो, घडीच्या टेबलामागे, चालून आल्याचा शिक्का वहीत मारायला बसलेले एखादे आजोबा असतात.

अमेरिकन फोक्सस्पोर्ट असोसिएशनचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, आणि तिथे गेल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरेल ती म्हणजे पांढरे केस. जर्मनीतल्या तळांवर असताना अमेरिकी सैनिकांना 'फोक्समार्च'ची, म्हणजे आखलेल्या वाटेवरून आपापल्या गतीने चालण्याची, गोडी लागली. १९७६ मध्ये टेक्सासातल्या फ्रेडरिक्सबर्गला, म्हणजे जर्मन लोकांनीच वसवलेल्या गावात, या संस्थेचा पहिला मार्च निघाला. त्या वेळचे तरुण आता आजी-आजोबा झालेत आणि अजून चालताहेत. तू तिशीच्या आतली. पहिल्याच संध्याकाळी दोघं-तिघं तुला आपल्या क्लबाचं सचिवपद देऊ करतील. हसून 'बघते' म्हण.

मी २०१७ साली बिलिंग्जला गेलो होतो, मोंटानात. तिथला विमानतळच रिमरॉक्स नावाच्या खडकाळ कड्यावर आहे, त्यामुळे बाहेर पडलं की अख्खं शहर पायाखाली दिसतं. खास त्या सहलीसाठी मी नवे बूट घेतले होते. (तू हे करू नकोस. निदान महिनाभर वापरलेले बूट आणि लोकरीचे मोजे घे, आणि टाच हुळहुळायला लागली की तिथेच थांबून पट्टी लाव, 'पुढच्या वळणावर बघू' नको.) मी पुढच्या वळणावर बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि तिसऱ्या दिवशी सगळे चालायला गेलेले असताना मी हॉटेलात लंगडत होतो. एका बाईंनी माझी अवस्था पाहिली आणि थेट नोंदणीच्या टेबलावर बसवलं. "पाय चालत नाहीत ना, हात तर चालतात?"

त्या चार तासांत मला जे कळलं ते आधीच्या पन्नासेक मार्चमध्ये कळलं नव्हतं.

माणसं येत होती, कार्डावर नाव लिहीत होती, वाटेचा कागद घेऊन जात होती. घाई कोणालाच नाही, कारण वेळ मोजतच नाहीत आणि पहिला नंबरही नसतो. दहा किलोमीटर झेपत नसतील तर पाच. परत आल्यावर मात्र एकेक जण टेबलाशी रेंगाळून सांगायचा, "चौदाव्या ओळीत डावीकडे म्हटलंय, पण तिथे दोन डावे आहेत." शेजारी बसलेला ट्रेलमास्टर, म्हणजे ती वाट आखणारा गृहस्थ, वाद न घालता पेन्सिलीने लिहून घ्यायचा. दुपारी त्याने मला आपला कागद उलगडून दाखवला. पाण्याचा नळ कुठे, स्वच्छतागृह कुठे आणि किती वाजता उघडतं, दुपारी सावली कोणत्या फुटपाथवर, सगळं समासात. दुकानाची खूण तो कधीच देत नसे. "बेकरी बंद पडते, अग्निशमनाचा नळ हलत नाही." वाट पक्की झाली की ज्याने ते गाव कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हातात कागद द्यायचा आणि आपण मागून मुकाट चालायचं. तो जिथे थबकेल तिथे चूक आपली.

हे ऐकूनही मी घरी आल्यावर आमच्या क्लबाची पहिली वाट आखली तेव्हा 'चर्चपासून उजवीकडे' असं लिहून मोकळा झालो. त्या रस्त्यावर चर्च दोन. अकरा माणसं हायवेपर्यंत जाऊन आली. आजही पिकनिकला कोणी ना कोणी विचारतंच, "कोणतं चर्च?"

तेव्हा तिथे रोज चाल, पण एक दिवस टेबलावर बस. वाटेची श्रेणी वाचायची सवय लाव. '१-ए' म्हणजे सपाट आणि सोपी, '५-ई' म्हणजे चढ आणि खडकाळ, हे आकडा-अक्षर कोणी कशावरून ठरवलं ते विचार. तुझ्या दोन वह्या असतीलच, एक मार्च मोजणारी, एक किलोमीटर मोजणारी. दहा मार्चला पहिलं बक्षीस, मग तीस, मग पन्नास. त्याखेरीज पन्नास राज्यांची वही, राजधान्यांची वही. शिक्क्यांचं वेड लागतं आणि ते लागू दे, मलाही आहे. बिलिंग्जजवळ पॉम्पीज पिलर नावाचा खडक आहे, त्यावर पश्चिमेच्या मोहिमेवर निघालेल्या विल्यम क्लार्कने २५ जुलै १८०६ ला कोरलेली सही मी लंगडत जाऊन पाहिली. म्हणजे 'मी इथे येऊन गेलो' याची हौस जुनीच. फक्त दोन शिक्क्यांसाठी जेवण टाकून पळू नकोस. जेवणाच्या टेबलावर ज्यांच्याशी बोलशील तेच पुढे तुला आपापल्या गावी घरी उतरवून घेतील.

संस्थेच्या सभेलाही एकदा बस. कंटाळा येईल. पण क्लब का बंद पडतात ते तिथेच ऐकायला मिळतं. चालणारे कुठेही मिळतात, सकाळी सातला टेबल मांडणारा मिळत नाही.

आणि माझं एक काम कर. येताना तिथल्या एखाद्या वाटेचा कागद माझ्यासाठी मागून आण. कोरा नको. ट्रेलमास्टरने पेन्सिलीने दुरुस्त केलेला.

तुझा,
काका