हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज आणि शोरूमने दिलेला शब्द

प्रश्न : मी वारज्यात राहते, कोथरूडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला साडेअठरा लाखांची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) गाडी स्वतःच्या नावावर घेतली. त्याच गाडीचं साधं पेट्रोल मॉडेल अडीच लाखांनी स्वस्त होतं. शाळेत जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याला माहेरी, एवढंच माझं रनिंग, हे मी शोरूममध्ये आधीच सांगितलं होतं. त्यावर सेल्समनने व्हॉट्सॲपवर लिहिलं, "मॅडम, तुमच्या रनिंगला २२ च्या खाली येणारच नाही." डिस्प्लेवर सोळा-सतराच दिसतं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, तुमची चालवण्याची पद्धत. कंपनी म्हणते, आमचा आकडा एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने प्रमाणित केलेला आहे. गाडी परत देऊन पैसे मिळतील का?

उत्तर : ताई, गाडी परत देऊन पूर्ण पैसे मिळणं फार अवघड आहे, हे आधीच सांगतो. पण नुकसानभरपाईची तुमची केस चांगली आहे, आणि ती चांगली आहे त्या एका मेसेजमुळे. ॲव्हरेजच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या हातात कंपनीचं ब्रोशर असतं. तुमच्या हातात तुमचं रनिंग ऐकून घेऊन दिलेला लेखी शब्द आहे. सगळी तक्रार त्यावर उभी करा.

ब्रोशरमधल्या आकड्यावर का नको, ते समजून घ्या. एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, तुमच्या शाळेजवळच, वेताळ टेकडीवर. तिथली चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करून साधारण वीस मिनिटांचं ठरलेलं चक्र चालवतात. त्यातल्या शहरी भागात वेग ताशी ५० च्या वर जात नाही आणि शेवटच्या टप्प्यातही ९० ची मर्यादा असते. एसी बंद असतो, चढ नसतो. अशा चाचणीत हायब्रिडला भरघोस आकडा मिळतो आणि तो खोटा नसतो. कंपनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवेल आणि ग्राहक आयोग ते मान्य करेल.

म्हणून तक्रारीत "गाडीत दोष आहे" हा मुख्य मुद्दा करू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, चाचणीशिवाय ठरवता येणार नाही असा दोष सांगितला तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि त्याची फी तक्रारदाराला भरावी लागते. तुमची गाडी त्याच ठरलेल्या चक्रावर चालवली तर ती बहुधा पास होईल. मग तुमच्याच खर्चाने कंपनीला निर्दोषत्वाचा दाखला मिळालेला असेल.

आता तुमच्या रनिंगबद्दल, कारण केसचा गाभा तिथेच आहे. हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते ती प्रामुख्याने दोन ठिकाणी : ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेते, आणि कमी वेगात इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते. यासाठी इंजिन एकदा गरम झालेलं असावं लागतं. सकाळी थंड गाडी सुरू केली की बॅटरीत चार्ज असूनही इंजिन काही वेळ चालतं, कारण ते स्वतः आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही तापायला हवेत. तुमचा प्रवास एका वेळी चार किलोमीटरचा. इंजिन तापून गाडी मोटरवर यायला लागते तोवर शाळेचं गेट आलेलं असतं. दुपारी परत तेच, त्यात उन्हाळ्यात एसी. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे लहानशी बॅटरी पटकन उतरते आणि ती भरायला इंजिन पुन्हा सुरू होतं. साताऱ्याच्या रस्त्यावर उलटी अडचण. सलग शंभरच्या आसपास वेग, ब्रेक फारसे नाहीत म्हणून परत मिळणारी ऊर्जाही फारशी नाही, आणि वाटेत खंबाटकीचा चढ. वारज्याहून हिंजवडीला रोज रांगेत जाणाऱ्या माणसाला हीच गाडी कितीतरी चांगला आकडा देईल. तुमचं रनिंग मात्र हायब्रिडला सर्वात कमी मानवणारं आहे, आणि नेमकं तेच ऐकून सेल्समनने २२ चा शब्द दिला.

ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. विक्री वाढवण्यासाठी तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात केलेलं विधान तिच्यात येतं. वस्तूत नसलेली कामगिरी किंवा फायदा असल्याचं सांगणं ही अनुचित प्रथाच. त्याच व्याख्येत आणखी एक तरतूद आहे, ती मला फार मोलाची वाटते : योग्य चाचणीचा आधार नसताना कामगिरीची हमी देणं हीसुद्धा अनुचित प्रथा, आणि "आमच्याकडे चाचणी होती" असा बचाव घेतला तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी हमी देणाऱ्यावर. ब्रोशरच्या आकड्यामागे चाचणी आहे. तुमच्या चार किलोमीटरच्या २२ मागे कोणती आहे, हे शोरूमला विचारा. ही दुसरी तरतूद जनतेला दिलेल्या हमीबद्दल आहे, त्यामुळे एका ग्राहकाला पाठवलेला मेसेज तिच्यात बसत नाही असा युक्तिवाद समोरचे वकील करतील. म्हणून तक्रारीत दोन्ही आधार मांडा. पहिल्याला ही अडचण नाही.

तो मेसेज जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. मूळ चॅट फोनमधून पुसू नका, नंबर आणि तारखेसह एक्स्पोर्ट करून ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्या नंबरवरून कोटेशन किंवा बुकिंगची पावतीही आली असेल तर तीसुद्धा लावा. "तो माणूस आमच्या वतीने बोलतच नव्हता" हे म्हणायला मग जागा उरत नाही.

डिस्प्लेवरचा आकडा पुरावा म्हणून लंगडा आहे. टाकी फुल करून मोजा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्यांदा ऑटो कट झाला की थांबायचं. पंपावरचा मुलगा राउंड फिगर करायला आणखी दाबतो, ते करू देऊ नका. त्याआधी टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या मापाची करून घ्या. बिल आणि ओडोमीटर एकाच फोटोत घ्या. पुढच्या वेळी ५०५ किलोमीटर होऊन ३१ लिटर बसलं तर ॲव्हरेज १६.३. अशा सलग चार-पाच टाक्या हव्यात. त्याच दरम्यान सर्व्हिस सेंटरकडून हायब्रिड सिस्टिम आणि बॅटरीची तपासणी लेखी करून घ्या आणि जॉब कार्डवर "कमी ॲव्हरेजची तक्रार" हे शब्द लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. काही हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. तुमच्या गाडीत असेल तर ती पिशव्या-दप्तरांनी झाकली जात नाही ना, हेही बघा.

निकाल ग्राहकांच्या बाजूनेही लागले आहेत. केरळमधल्या त्रिशूर जिल्हा आयोगाने २०२२ मध्ये फोर्डच्या एका डिझेल गाडीबद्दल ३ लाख १० हजार रुपये द्यायला लावले. जाहिरात लिटरला ३२ किलोमीटरची होती, आणि आयोगाच्या तज्ज्ञाने गाडी तपासली तेव्हा १९.६ निघाले. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाने २००४ साली घेतलेल्या मारुती झेनच्या प्रकरणात १ लाखाची भरपाई कायम ठेवली. जाहिरात १६ ते १८ ची, मिळत होते १०.२. दोन्हींत गाडी परत घेण्याचा नव्हे, भरपाईचा आदेश आहे. आणि दुसरं प्रकरण किती वर्षं चाललं तेही लक्षात घ्या. उलट कॅलिफोर्नियात २०१२ साली होंडा सिव्हिक हायब्रिडच्या एका मालकिणीने गॅलनला ५० मैलांच्या दाव्यावरून छोट्या दाव्यांच्या कोर्टात ९,८६७ डॉलर मिळवले, पण काही महिन्यांतच अपिलात तो निकाल फिरला. तिथला आकडाही सरकारी पद्धतीने ठरलेला होता. प्रमाणित आकड्यावर लढू नका असं मी म्हणतो ते यासाठीच.

मागणी बेताची ठेवा. महिन्याला साधारण ६६० किलोमीटर धरले तर वर्षाचे आठ हजार. १६.३ आणि २२ यांतला फरक वर्षाला सुमारे १२७ लिटर, म्हणजे १०४ रुपये दराने तेरा हजारांच्या घरात. गाडी दहा वर्षं वापरणार म्हटलं तर सव्वा ते दीड लाख. त्याला पर्याय म्हणून पेट्रोल मॉडेलशी असलेला अडीच लाखांचा फरक मागा, शिवाय मानसिक त्रास आणि खर्च. शोरूम आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. "डीलर स्वतंत्र आहे" असं कंपनी म्हणेलच, तो त्यांचा आपसातला प्रश्न.

आधी दोघांना नोंदणीकृत टपालाने नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, पुष्कळदा शोरूम तेवढ्यानेच बोलायला तयार होतं. नाही झालं तर पुणे जिल्हा आयोग. तुम्ही पुण्यात राहता एवढं अधिकारक्षेत्राला पुरे, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. साडेअठरा लाखांच्या खरेदीला फी फक्त ४०० रुपये आहे, आणि वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. तुम्ही पाडवा लक्षात ठेवला असेल, पण तिथीची तारीख दर वर्षी सरकते. इन्व्हॉइसवरची तारीख धरा आणि तिच्या आत तक्रार दाखल करा. सर्व्हिस सेंटरशी चाललेल्या ई-मेलने ही मुदत वाढत नाही. "साहेब बघतायत" या उत्तरावर चांगल्या केसेस मुदतबाह्य झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

नोटीस गेल्यावर शोरूम बहुधा दोन मोफत सर्व्हिस किंवा वाढीव वॉरंटी देऊ करेल. वाढीव वॉरंटी, विशेषतः हायब्रिड बॅटरीची, खरोखर कामाची गोष्ट आहे. रोख रकमेसोबत मिळत असेल तर जरूर घ्या. पण ज्या कागदावर सही मागतील त्यात "फुल अँड फायनल सेटलमेंट" असं लिहिलेलं आहे का ते आधी वाचा. रक्कम पटली नसेल तर त्या ओळीखाली सही करू नका.