माझी १४ वर्षांची मुलगी सिडनीत रग्बी लीग खेळते. यात करिअर आहे का, की आत्ताच अभ्यासाकडे वळवावं?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग ठीक आहे. दुसरा वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. वळवायला ती काय उसात शिरलेली म्हैस आहे?

आधी आकडे देते, म्हणजे घरात दाखवता येतील. एनआरएलडब्ल्यू, म्हणजे इथली बायकांची सगळ्यात वरची लीग स्पर्धा, २०१८ साली चार संघांनिशी सुरू झाली, २०२५ मध्ये बारा संघ झाले. २०२३ साली बायकांच्या खेळाचा पहिला सामूहिक करार झाला. त्यात कमीत कमी मानधन त्या वर्षी ३०,००० डॉलर ठरलं, ते दरवर्षी चढत २०२७ ला ५०,६०० होणार. अख्ख्या संघाच्या मानधनाची मर्यादा ९ लाखांवरून १५ लाख १८ हजारांवर जाणार. सिडनीचं घरभाडं तुम्हीही भरता, तेव्हा गणित तुम्हीच करा. बहुतेक मुली शिकता शिकता नाहीतर दुसरी नोकरी सांभाळून खेळतात. गंमत अशी की हा खेळ जन्मलाच मुळी बुडालेल्या रोजापायी. १८९५ साली उत्तर इंग्लंडातले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि रग्बी युनियन या मूळ रग्बीच्या संघटनेतून फुटले, कारण खाणीत-गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंची मॅचपायी बुडालेली मजुरी भरून द्यायला वरचे लोक तयार नव्हते. सव्वाशे वर्षं झाली, बायकांच्या बाबतीत तो हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

शिडी सरळ आहे. १७ वर्षांखाली लिसा फिओला कप, १९ खाली टार्शा गेल कप, मग राज्याची विमेन्स प्रीमियरशिप, मग एनआरएलडब्ल्यू. जेसी साउथवेल २०२२ ची एनआरएलडब्ल्यू फायनल न्यूकॅसल नाइट्स संघाकडून जिंकली तेव्हा अवघी १७ वर्षांची होती. तिचं उदाहरण मुलीपुढे ठेवू नका. तशी एखादीच असते आणि बाकीच्या पोरी उगाच स्वतःला म्हाताऱ्या समजायला लागतात.

आता माझं ऐका. मी वाळवा तालुक्यातली. कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर खेळायचे आणि घोट्याची पकड हा माझा हुकमी एक्का होता. मुलगी इथं पश्चिम सिडनीत लीग खेळायला लागली तेव्हा तिच्या संघात, समोरच्या संघात, सगळीकडे सामोआ-टोंगा या पॅसिफिक बेटांकडच्या पोरी, हिच्या दीडपट. खांदा भिडवायला गेली की ही हवेत. मग मी हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि गालिच्यावर तिला पकड शिकवली. समोरचीचा चेहरा बघायचा नाही, पाय बघायचे. एक पाय उचलला की दुसऱ्यावर झेप. दोन महिन्यांत ती कुणालाही आडवी पाडायला लागली. कोचनं विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, आईनं. त्या शनिवारी माझी कॅन्टीनची ड्यूटी होती. सॉसेज भाजता भाजता मी वीतभर उंच झाले असेन.

पण कबड्डीत चढाई करणारी पकडीतून सुटून रेषेकडं पळत असते. लीगमध्ये ती चेंडू छातीशी धरून तुमच्या अंगावर येते. म्हणून डोकं तिच्या मागच्या बाजूला ठेवायचं असतं, पुढं कधीच नाही. माझ्या पकडीत डोकं पुढं जायचं. कोचनं तिला दोनदा टोकलं होतं. तिनं घरी सांगितलंही होतं. मी म्हटलं, त्याला काय कळतंय पकडीतलं.

सप्टेंबर २०२४, मोसमातली शेवटची मॅच, ती १६ वर्षांची. दुसऱ्या हाफमध्ये झेपावली आणि धावत्या पोरीचा गुडघा कानशिलावर बसला. पडली, उठली, रांगेत जाऊन उभी राहिली. ट्रेनर पळत आला, त्याला हसून ‘बरी आहे’ म्हणाली आणि मॅच संपेपर्यंत खेळली. गाडीत बसल्यावर म्हणाली, आई, ते गाणं जरा बंद कर ना.

गाणं लावलेलंच नव्हतं.

मग रडायला लागली. कुणाला सांगू नको म्हणाली. अकरा दिवसांनी लिसा फिओलाची ट्रायल होती. इथं पोरांच्या डोक्याला मार लागला तर लक्षणं थांबल्यावर १४ दिवस धक्काबुक्कीचा सराव नाही आणि कमीत कमी २१ दिवस मॅच नाही. म्हणजे ट्रायल गेली. पार्किंगमध्ये मी किल्ली हातात धरून बसून राहिले. मग तिच्यादेखत ट्रेनरला फोन लावला आणि तिथूनच तिला दवाखान्यात नेलं.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते एवढंच: “तू पण मामासारखीच निघालीस.”

मामा म्हणजे माझा दादा. १९९३ साली कुमारी गटाच्या निवडीसाठी आमचे सर मला न्यायला सायकलवरून घरी आले होते. मी आत भाकऱ्या थापत होते. दादानं उंबऱ्यातूनच सांगितलं, ती यायची नाही, बारावी आहे. मला विचारलंही नाही. मी पिठाच्या हातानं बाहेर आले तोवर सायकल वळली होती. बारावीला मला ५८ टक्के पडले, म्हणजे अभ्यासाचंही काही भलं झालं नाही. माझ्याबरोबरची जी पोरगी गेली ती क्रीडा कोट्यातून पोलिसात लागली. तिनं पुढं एकदा दादाच्याच गाडीची पावती फाडली असं ऐकलंय. खरं असेल तर देव आहे.

हे लेकीला मीच हज्जारदा सांगितलेलं, म्हणून तर तिला बरोब्बर कुठं मारायचं ते माहीत. नवराही म्हणाला, जाऊ दे, निमित्त झालंय तर खेळ बंदच करू, कोचिंग लावू. आणि दादाचा फोन: “बघ, मी तेव्हा बरोबर होतो का नव्हतो?”

नव्हतास. मी तिला २१ दिवस थांबवलं, तिच्या समोर, कारण सांगून, आणि बाविसाव्या दिवशी मीच मैदानावर सोडून आले. तू मला कायमची थांबवलीस आणि तीही दाराबाहेर उभ्या माणसाला सांगून. दोन्ही एकच म्हणायचं असेल तर म्हण. दिवसरात्र प्रो कबड्डी बघणाऱ्या माणसाला एवढा फरक कळू नये याचं मला अजून नवल वाटतं.

असो. तुम्ही विचारलं होतं करिअरचं. मुलीचं ते वर्ष गेलं. पुढच्या ट्रायलला ती टार्शा गेलच्या संघात आली. बहुतेक मॅच बेंचवरून. टॅकल आता कोचच्या पद्धतीनं करते आणि मी सोफा जागेवर ठेवलाय. आठवड्यात तीन संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. एनआरएलडब्ल्यूचा करार नाही, पुढं मिळेल असं कुणी म्हटलेलंही नाही. आणि हो, या वर्षी तिची एचएससी आहे, म्हणजे बारावीच. दादाला अजून कळवलेलं नाही.

तेव्हा पोट भरेल का, तर आज तरी नुसत्या लीगवर धरून चालू नका. बरोबर पदवी किंवा टेफचा, म्हणजे इथल्या सरकारी व्यवसाय-शिक्षणाचा, कोर्स हवाच. पण १४ व्या वर्षी आयुष्यभराचा हिशेब कशाला मागताय? सिलेक्टिव्हच्या, म्हणजे परीक्षा देऊन मिळणाऱ्या सरकारी शाळेच्या, क्लासला दोन वर्षं शनिवार-रविवार घातलेत ना, तेव्हा कुणी मागितला होता? खेळू द्या. थांबवायची वेळ आलीच तर तिला समोर बसवून थांबवा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. मी डॉक्टर नाही. डोकं दुखतंय म्हणाली, तारवटल्यासारखी बघायला लागली, उलटी झाली, तर माझं उत्तर वाचत बसू नका. आणि गुडघे. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. ऑपरेशन झालं तर नऊ महिने ते वर्ष मैदान बंद, आमच्या संघातल्या दोघी आत्ता त्यातच आहेत. उडी मारून खाली येताना गुडघा आत वळू नये यासाठीचे व्यायाम क्लबमध्ये वॉर्म-अपला घेतात का, ते पहिल्याच दिवशी विचारा. घेत नसतील तर क्लब बदला. माउथगार्ड दुकानातला उकळून बसवायचा नको, डेंटिस्टकडून मापाचा करून घ्या. प्रायव्हेट इन्शुरन्स काढायचा तर आजच काढा. आधीपासूनच्या दुखण्याला बारा महिने थांबावं लागतं आणि तुटलेला गुडघा त्यात मोजतात.