पित्ताशय काढून वर्ष होत आलं, तरी जेवल्यावर लगेच जुलाब लागतात. हे कायमचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की जेवण झालं की पळावं लागतं, उजव्या बरगडीखाली मधूनच दुखतं आणि डॉक्टर म्हणतात, 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.' हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. मीही ते बरंच ऐकलंय.

मी एसटीत कंडक्टर आहे, कऱ्हाड-चिपळूण. ज्यांना हे टेन्शनमुळे होतं असं वाटतं, त्यांनी माझं पोट घेऊन कुंभार्ली घाटातून यावं. पाटणला चहा-वडा व्हायचा आणि हेळवाक मागे पडलं की कळ सुरू. घाटात गाडी थांबवणार कुठे? थांबवली तरी सगळी गाडी खिडकीतून बघणार. एकदा भर पावसात थांबवावीच लागली. ड्रायव्हर भला माणूस, टायर बघायच्या निमित्ताने उतरून चाकांना लाथा मारत बसला, तेवढ्यात मी छत्री घेऊन वळणापलीकडे. परत चढलो तर पुढच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "ओवा खात जा रं बाळा." त्यानंतर ड्यूटीवर उपाशीच राहायचो. वजन उतरलं, बायको चिडली आणि आमच्या दाजींना विषय मिळाला.

दाजींचं म्हणणं, देवाने दिलेला अवयव काढायचाच नसतो, आणि दुर्बिणीतून अर्धंच निघतं. अहो, मुंबईत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, त्याला तीन दशकं उलटून गेली. सगळं अर्धंच निघत असतं तर एव्हाना कळलं नसतं का? फार सूज असली तर सर्जन थोडा भाग मुद्दाम ठेवतात, पण तसं डिस्चार्ज कार्डावर लिहितात. तुमचं काढून वाचा.

दाजींना स्वतःला खडे आहेत. त्यांनी सफरचंदाचा रस, मग रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबू असा व्हॉट्सॲपवरचा उपाय केला, सकाळी हिरव्या गोळ्या पडल्या आणि त्या बरणीत भरून भावकीत दाखवत फिरले. त्या गोळ्या तेल आणि रसाच्या पोटात झालेल्या साबणाच्या असतात. पाण्यावर तरंगत होत्या, मी बघितल्यात. नंतर सोनोग्राफी करा म्हटलं, ती आजतागायत केलेली नाही.

असो. मला नीट उत्तर मिळालं ते कोल्हापूरच्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे. त्यांनी आधी रंग विचारला. पिवळा-हिरवट, पाण्यासारखं, जळजळ होते, म्हटलं. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. पिशवी ते साठवून, आटवून जेवणाच्या वेळी सोडायची. आता पाण्याची टाकीच काढल्यावर नळ दिवसभर ठिबकतो, तसं ते आतड्यात उतरत राहतं. त्यातली पित्ताम्लं बहुतेक लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात. काहींच्यात जास्तीची मोठ्या आतड्यात पोचतात, तिथे आतड्याला पाणी सोडायला लावतात, आणि मग पळापळ.

यावर कोलेस्टिरामिन नावाची पावडर असते. मुळात कोलेस्टेरॉलची, पण आतड्यात पित्ताम्लं बांधून ठेवते. पाण्यात कालवली तरी वाळू पितोय असं वाटतं. आठवड्याच्या आत मी ड्यूटीवर भाजी-भाकरी खाल्ली. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा, 'हे पित्ताम्लाचे जुलाब असतील का?' टेन्शन हेच उत्तर पुन्हा आलं तर दुसरा डॉक्टर बघा, लाज कसली. इसबगोलनेही काहींना आधार मिळतो. खाण्याचं म्हणाल तर तळकट एकावेळी कमी आणि जेवण थोडं थोडं, बाकी पथ्यांच्या याद्या मी फाडून टाकल्या.

कायमचं असतं का? बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप बसतं. तुमचं वर्ष होत आलंय, तेव्हा वाट बघत बसू नका.

पावडर स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका. ती बाकीच्या गोळ्याही धरून ठेवते, म्हणून थायरॉईडची वगैरे गोळी तिच्याआधी निदान एक तास किंवा नंतर चार ते सहा तासांनी घ्यावी लागते. जास्त झाली तर पोट गच्च होतं. आणि तुमचं दुखणं या पावडरीने जाणारं नाही. पित्तनलिकेत राहिलेला खडा असू शकतो, ॲसिडिटी, अल्सरही असू शकतो, त्याच्या तपासण्या वेगळ्या. डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप, शौचातून रक्त यातलं काहीही दिसलं तर माझं उत्तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

ऑपरेशन करून चुकलं का, असंही विचारलंय. योगायोगाने सापडलेले, न दुखणारे खडे डॉक्टरही बहुधा काढत नाहीत, दाजींचे तसे असतील तर त्यांनी खुशाल ठेवावेत. माझा खडा नलिकेत उतरून कावीळ झाली होती, स्वादुपिंड सुजलं होतं. तुम्हीही कावीळ झाल्याचं लिहिलंय. मग चुकलं कुठे? घरात कुणी बोलत असेल तर काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या आणि पुढ्यात ठेवा. माझा मी लॅमिनेट करून घेतलाय, दिवाळीला दाजी येतात.