ॲमलगमेशनचा खरा अर्थ कोणता? रसायनशास्त्रात एक, कॉमर्समध्ये दुसरा, इतिहासात तिसराच!

तुम्ही लिहिलंय की हा शब्द बारावीला पाऱ्याबरोबर भेटला, बी.कॉम.ला कंपन्यांबरोबर आणि आता स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात नायजेरियाबरोबर, तर यातला खरा कुठला. खोटा एकही नाही, पण थोरला पाऱ्याचा. बाकीचे त्याचे वंशज.

हे सांगायला मी बरा माणूस आहे, कारण दोन्हीकडचा आहे. गाव विट्याजवळ, घरात गलाईचा धंदा. खानापूर, आटपाडी भागातली आमची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, तसे वडील कोइमतूरला होते. मी मात्र मुशीपुढे बसलो नाही. सांगलीत पंचवीस वर्षं लोकांचे हिशेब लिहितोय.

लहानपणी सुट्टीला गेलो की वडिलांच्या दुकानात सोनारांकडची धूळ यायची. कानशीचा कीस, झाडून गोळा केलेली माती, पायपुसणं जाळून झालेली राख. आपल्याकडे हे काम पूर्वी झारेकरी करत. आधी लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढायचा, मग पाण्यात धुऊन हलकी माती सोडून द्यायची, आणि तळाला जो जड गाळ उरेल त्यात पारा टाकून घोटायचं. पारा मातीला हुंगतही नाही, सोन्याचा कण मात्र दिसला की गिळतो. मग तो पारा जाड कापडात घेऊन पिळला की मोकळा पारा थेंबाथेंबाने खाली पडतो आणि कापडात लोण्यासारखा मऊ, करडा गोळा राहतो. हा गोळा म्हणजे अमलगम, मराठीत पारदमेल; आणि तो करणं म्हणजे ॲमलगमेशन. हा गोळा वडील दुकानात कधी तापवत नसत. मागच्या अंगणात, वारा पाठीवर घेऊन बसायचे आणि आम्हा पोरांना हाकलून द्यायचे. पाऱ्याच्या वाफेला ना रंग ना वास, पण विष जबर. (वाचून कोणी घरी करून बघू नका.) पारा 357 अंशांना उकळतो, सोनं 1064 अंशांना वितळतं. त्यामुळे पारा उडून जातो आणि मागे सोनं राहतं, चाळणीसारखं भोकाभोकांचं, मळकट पिवळं. ते मुशीत आटवलं की पुन्हा झळाळतं.

ग्रीकमध्ये ‘मलाग्मा’ म्हणजे मऊ करणारा लेप. त्यावरून लॅटिनमध्ये ‘अमलगामा’ आला, असं बहुतेक कोशकार मानतात. कापडातला तो गोळा बोटाने दाबलेला माणूस ही व्युत्पत्ती लगेच मान्य करेल. आणि पाऱ्याचं सगळ्यांशी जमतं असंही नाही. लोखंडाशी त्याचं अजिबात पटत नाही, म्हणून तर पारा लोखंडी बाटल्यांतून विकला जातो.

दातात ‘चांदी भरली’ म्हणतो तेही हेच. त्यात साधारण निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील आणि तांब्याची पूड. ओलं असताना खड्ड्यात दाबून बसवायचं, काही तासांत दगड होतं. माझ्या डाव्या दाढेत आहे अजून. युरोपीय संघाने 2025 पासून अपवाद वगळता ते भरणं बंद केलं, आपल्याकडेही दाताच्या रंगाचं मटेरियल भरायची चाल पडली आहे.

आता कॉमर्स. पुस्तकात असतं ते असं: ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही कंपन्या संपतात आणि नवी ‘क’ उभी राहते ते ॲमलगमेशन; ‘अ’ ने ‘ब’ ला पोटात घेतलं तर ॲब्सॉर्प्शन. परीक्षेत हेच लिहा. कायदा मात्र दोन्हींना ॲमलगमेशनच म्हणतो. आयकर कायद्याची अट अशी की संपणाऱ्या कंपनीची सगळी मालमत्ता जायला हवी, सगळं देणंही जायला हवं, आणि किमतीच्या हिशेबाने किमान तीन-चतुर्थांश शेअर ज्यांच्या हाती, ते लोक नव्या कंपनीचे भागधारक व्हायला हवेत. देणंही जातं हा यातला मुद्दा पोरं हमखास विसरतात. नुसती फॅक्टरी विकत घेतली तर ते ॲमलगमेशन नव्हे.

उदाहरण लांब शोधायला नको. आपल्या दोन शेजारच्या जिल्ह्यांत सहा-सात महिन्यांच्या अंतराने दोन बँका विलीन झाल्या आणि दोघींची तऱ्हा अगदी वेगळी. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, 1936 सालची. सप्टेंबर 2006 मध्ये तिच्या व्यवहारांवर स्थगिती आली आणि 3 ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये गेली. हे बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 खाली. त्यात योजना रिझर्व्ह बँक आखते, भागधारकांचं मत घेतलं जात नाही. त्यांना शेअरमागे रोख 28 रुपये मिळाले आणि नातं संपलं. सांगली बँक 1916 ची. ती 19 एप्रिल 2007 पासून आयसीआयसीआयमध्ये गेली, कलम 44ए खाली. म्हणजे आधी दोन्हीकडच्या भागधारकांच्या सभा, दोन-तृतीयांश बहुमत, मग मंजुरी. इथे रोख नाही, सांगली बँकेच्या 925 शेअरना आयसीआयसीआयचे 100. माझ्या सासऱ्यांचे 185 होते, त्याचे वीस झाले. ‘एकशे पासष्ट शेअर कुठे गेले?’ हा प्रश्न त्यांनी मला दोन दिवाळ्या विचारला. दोन्ही बँकांच्या शेअरच्या वेगवेगळ्या किमतींचं गणित समजावून झालं, भाकरीचे तुकडे करून झाले. शेवटी वीस शेअरचा बाजारभाव कागदावर लिहून दिला, तेव्हा गप्प बसले.

साताऱ्यात पैसे देऊन मोकळं केलं, सांगलीत पुढच्या संसारात वाटा दिला. शब्द दोन्हीकडे एकच. मात्र यातलं कुठलंही मुशीत घालून तापवलं तर जुनी बँक परत मिळणार नाही. धातूतलं अमलगम सुटं होतं, कागदावरचं होत नाही. मला विचाराल तर शब्द रसायनातून बाहेर पडला तेव्हा सर्वांत मोठा फरक पडला तो इथे.

राज्यांचं थोडक्यात. 1 जानेवारी 1914 ला इंग्रजांनी उत्तर आणि दक्षिण नायजेरिया जोडले, त्याला तिथे ॲमलगमेशनच म्हणतात. आपल्याकडे सांगली, मिरज, औंध ही संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात गेली, त्याला आपण विलीनीकरण म्हणतो. साताऱ्याचं राज्य 1848 साली डलहौसीने घेतलं ते मात्र विलीनीकरण नव्हे, खालसा करणं. तिथे राजाने सही केली नव्हती. पेपरात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका, मार्क जातील. 1998 ला सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून एक महापालिका झाली, पण नाव तिघांचंही पाटीवर राहिलं. कंपन्यांत असं भाग्य क्वचित.

भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडून आणखी एक अर्थ कळला. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस आहे, आपल्या मोबाइलमध्येही असतो. त्याचा कोड शंभराहून जास्त फायलींत लिहिलेला आहे, पण वाटताना सगळं एका मोठ्या फायलीत ओततात आणि त्या फायलीला ॲमलगमेशन म्हणतात. सगळं एकत्र दिसल्यामुळे कंपायलरला (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणाऱ्या साधनाला) काम सोपं जातं आणि प्रोग्रॅम थोडा वेगाने चालतो. मूळ फायली जागच्या जागी सुट्याच राहतात, म्हणजे हे पुन्हा पाऱ्याच्या जवळ गेलं.

मराठी प्रतिशब्द वापरताना एक सांभाळा. ॲमलगमेशनला काही जण ‘एकत्रीकरण’ लिहितात. शहरात चालून जाईल, गावात नाही. 1947 च्या तुकडेबंदीच्या कायद्यानंतर गावोगाव शेतांचे तुकडे जोडून गट पाडले, सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. खेड्यात एकत्रीकरण म्हणजे तेवढंच. आमच्या भागातल्या दोन पतसंस्था एक व्हायच्या होत्या, तेव्हा सभासदांना नोटीस गेली, ‘संस्थांच्या एकत्रीकरणाबाबत’. दुसऱ्या दिवशी थोरले चुलते सातबारा आणि जुने उतारे पिशवीत घालून माझ्या ऑफिसात हजर. ही जमिनीची नोटीस नव्हे, ठेवीची आहे, हे त्यांना सांगायला अर्धा तास गेला. ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि पिशवी काही बंद केली नाही.

‘बरं, बसलाच आहेस तर आपला ओढ्याकडचा तुकडा कुठल्या गटात गेला तेवढं बघ.’